ठमाबाईची गाय

चंद्रभागाबाईंनी पुढून दावं ओढलं, मागून मी रेटा दिला, तरी गाय गोठ्याबाहेर पडेना. उंबऱ्यापाशी उन्हाचा पट्टा पडला होता. तिथवर यायची आणि चारही पाय रोवून उभी राहायची.

"चार दिस झालं, डॉक्टर," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "उन्हात नेली की अंग झाडती. जणू कोणी निखारं टाकल्यात पाठीवर."

मी आत वाकून पाहिलं. गाय काळी-पांढरी, संकरित. पांढऱ्या भागावरची कातडी तळ्यातल्या वाळलेल्या चिखलासारखी तडकली होती, पापुद्रे उचलले होते, खाली लालभडक मांस आणि त्यावर माश्या. पण काळा डाग जिथे सुरू होत होता तिथे ते तडकणं थांबलेलं होतं. काळी कातडी गुळगुळीत, तुकतुकीत. डोळ्याची पापणी उलटून पाहिली, तर आत हळदीसारखं पिवळं.

"काळं सोडून पांढरंच का धरलंय?" चंद्रभागाबाईंनी हळूच विचारलं. "रोग रंग बघून येतो का कुठं?"

माझ्या नोकरीला दीड वर्ष झालं होतं, वय सव्वीस. मी सोलापूरकडच्या सपाटीवरचा माणूस, आणि अकोले तालुक्याच्या डोंगरातला हा जनावरांचा दवाखाना माझी पहिली नेमणूक. गोचीडताप असेल म्हणून मी इंजेक्शन दिलं. आधीच्या दोन गायींनाही तेच दिलं होतं आणि दोन्ही मेल्या होत्या. चंद्रभागाबाईंना ते ठाऊक होतं. तरी त्यांनी मला हात धुवायला पाणी दिलं.

बाहेर दवाखान्यातले ड्रेसर, मलमपट्टी करणारे लहामटे, बॅग घेऊन उभे होते. त्याच खोऱ्यातले, पन्नाशी ओलांडलेले, अबोल. मोटारसायकलपाशी आल्यावर त्यांनी बॅग मागे बांधली. मग म्हणाले, "साहेब, गावात काय बोलतात ते कानावर आलं का?"

"काय?"

"बावीस गायी आल्या. बाविसांतल्या नऊ आजारी. पण ठमाबाईची गाय ठणठणीत."

ह्या गावात, कुंभेवाडीत, त्या बावीस गायी मागच्या कार्तिकात आल्या, त्या माझ्या हातून. सपाटीवरच्या बाजारातून एकेक मीच पारखून निवडल्या होत्या. गावातल्या दूध संस्थेचे चेअरमन किसन धिंदळे यांनी मांडव घातला, गायींच्या शिंगांना झेंडूच्या माळा बांधल्या. आता वैशाख होता. पाऊस मागच्या साली दगा देऊन गेला होता आणि डोंगर उघडा पडला होता. गवताची काडी शोधून सापडत नव्हती.

ठमाबाई भांगरे ही एकटी विधवा गावाच्या वरच्या अंगाला राहायची. संकरित गाय तिने घेतली नव्हती. तिच्याकडे होती ती इथली डांगी गाय, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली. म्हणजे रंगाचं म्हणाल तर तीही पांढरीच. त्याच डोंगरात चरत होती, त्याच ओढ्याचं पाणी पीत होती. आणि तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

"तुमचा विश्वास आहे का असल्या गोष्टींवर?" मी लहामट्यांना विचारलं.

"करणीबिरणीवर नाय. पण म्हातारीला मी परवा पहाटं ओढ्याच्या वाटंला बघितली. हातात कोयता, डोक्यावर हिरवा भारा. आता तुम्हीच सांगा, ह्या दिवसांत एवढं हिरवं कशाला लागतं माणसाला? एका गायीपुरतं तर नव्हतंच."

त्या दिवशी मी ते हसण्यावारी नेलं. पण गाडी चालवताना डोक्यातून काही ते जाईना.

दोन दिवसांनी मी मुद्दाम उजाडायच्या वेळी गेलो. गाडी खालीच लावली आणि ओढ्याच्या वाटेने चालत निघालो. ही वाट गावातून पाण्यावर जायची. सगळी गुरं दिवसातून दोनदा इथूनच ये-जा करायची. दोन्ही बाजूंनी टणटणीची माणूसभर उंच झुडपं दाटलेली. सारा डोंगर करपला होता आणि ही मात्र हिरवीगार, लाल-केशरी फुलांच्या झुबक्यांनी लगडलेली.

कोयत्याचा खटखट आवाज आला. ठमाबाई पाठमोरी बसून तोडत होती. शेजारी दोन भारे बांधून ठेवले होते. माझं पाऊल वाजताच तिने मागे वळून पाहिलं. दचकली नाही, पण कोयता थांबला.

"एवढ्या सकाळी, आजी?"

"व्हय."

"हे कशाला तोडता?"

"जाळाया."

"ओलं जाळतात?"

"वाळल्यावर जाळीन." तिने पुन्हा कोयता चालवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुम्हांला काय सांगायचं? एकदा सांगून झालंय."

"मला? कधी?"

तिने कोयता कमरेला खोचला. एक भारा डोक्यावर घेतला, दुसरा काखेत मारला आणि चढावर चालू लागली. साठीच्या पुढची बाई, पण चढताना एकदाही थांबली नाही. मी तिथे उभा राहून तिच्या पाठीकडे बघत होतो आणि मनाशी हिशेब जुळवत होतो. संकरित गाय नाकारणारी ही एकटीच. जनावर धडधाकट असलेलीही ही एकटीच. पहाटे, कोणी नसताना, गुरांच्या वाटेवर हिचा वावर. आणि सरळ विचारलं तर सरळ उत्तर नाही. माझ्या मनाने तिला गुन्हेगार ठरवलं ते तिथेच, त्या वाटेवर. लहामट्यांनी नाही, गावाने नाही. मी, शिकलेल्या माणसाने.

दुसऱ्या दिवशी चंद्रभागाबाईंची गाय गेली.

मी तिचं शवविच्छेदन गावाबाहेरच्या माळावर केलं. सगळं गाव गोल करून उभं होतं. यकृत फुगून दुप्पट झालेलं आणि रंगाने पिवळट. पित्ताशय नारळाएवढं. कोठ्यात कोरडा ठणठणीत गोळा, त्यात चोथा झालेली पानं. कसली ते कळायला मार्ग नव्हता. हा गोचीडताप नव्हे, एवढं मात्र आता मला पक्कं समजलं.

किसन धिंदळे नाकाला उपरणं लावून पुढे आले. "साहेब, काय निघालं?"

"विषबाधा आहे," मी म्हणालो.

वैद्यकात ह्या शब्दाचा अर्थ एवढाच की पोटात काहीतरी विषारी गेलं. पण माळावर तो शब्द पडला आणि लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला त्याच क्षणी कळायला हवं होतं.

"विष," धिंदळे म्हणाले. "म्हंजी कोणी घातलं?"

इथे माझ्यापुढे दोन वाटा होत्या. "कोणी घातलं असं नाही, गायीने काहीतरी खाल्लं असेल" हे एक वाक्य पुरलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे चढावर चाललेली ती पाठ होती. मी बाटल्यांची झाकणं लावत म्हणालो, "कोणी घातलं ते शोधणं माझं काम नाही. ते पोलिसांनी बघावं."

चंद्रभागाबाईंनी वळून गावाच्या वरच्या अंगाकडे पाहिलं आणि त्यांच्या पाठोपाठ सगळ्या बायकांनी.

नमुने घेऊन मी तालुक्याला परतलो. पोस्टाने ते प्रयोगशाळेत जाणार, उत्तर यायला पंधरा दिवस. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडतो तोच लहामटे सायकलवरून आले. सकाळी ते परस्पर कुंभेवाडीला ड्रेसिंगला गेले होते. शर्ट घामाने निथळत होता.

"साहेब, चला. म्हातारीला घेरलीय."

मी गाडी काढली. वाटेत मागे बसल्याबसल्या ते सांगत गेले. लोकांनी ठमाबाईच्या घराची झडती घेतली होती. परड्यात टणटणीचे वीस-पंचवीस भारे सापडले, काही ओले, काही वाळलेले. गाय आदल्या संध्याकाळपासून सोडू दिली नव्हती. ना चारा, ना पाणी.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात साठ-सत्तर माणसं होती. मधोमध खांबाला गाय बांधलेली, पोट खपाटीला गेलेलं. ठमाबाई ओट्यावर बसली होती. दोन बाप्ये दोन बाजूंना उभे होते आणि एकाने तिचं मनगट धरलं होतं. धिंदळ्यांनी मला पाहिलं.

"बरं झालं आलात, साहेब. तुमच्यादेखतच होऊ द्या. हिचाच पाला हिच्या गायीला घालतोय. काही नसलं त्यात तर खाईल."

कोणीतरी ओला भारा सोडून गायीपुढे टाकला. गाय रात्रभर उपाशी होती. तिने मान खाली केली, पाल्याला नाक लावलं, जोरात फुरफुरली आणि तोंड फिरवलं. एकाने तो पाला उचलून तिच्या तोंडाशी दाबला. तिने शिंग उगारून त्याला ढकललं.

"बघा!" गर्दीतून ओरडा झाला. "तिच्या गायीला बरोबर ठावं हाय!"

"आता म्हातारीला खाऊ घाला," मागून एक आवाज आला. "बघू खाती का."

ज्याने मनगट धरलं होतं त्याने तिला ओढून उभी केली. तिचं लुगडं ओट्याच्या कडेला अडकून टरकन फाटलं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "गायीला आधी पाणी पाजा रं."

मी त्या गायीकडे बघत होतो. उपाशी जनावर हिरव्या पाल्याला तोंड लावत नाही, कारण ते त्याला ओळखतं. आईच्या मागून ह्याच डोंगरात चरत ते लहानाचं मोठं झालं. आणि ज्यांनी हा डोंगर कधी पाहिलाच नाही, अशा सपाटीवरच्या गायी? कॉलेजात शिकलेल्या दोन ओळी तेव्हा, इतक्या उशिरा, आठवल्या. लँटाना, म्हणजे हीच टणटणी, घाणेरी. मूळची अमेरिकेतल्या उष्ण मुलखातली, बागांच्या शोभेसाठी आणली आणि रानभर झाली. पाला पोटात गेला की यकृत बिघडतं आणि अंगावर ऊन पडलं की पांढरी कातडी भाजून निघते. काळी वाचते. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आमच्याकडच्या माळावर ती औषधालाही नव्हती.

मी खाली पडलेला पाला कवेत घेतला. "धिंदळे, तुमची गाय कुठंय?"

"गोठ्यात. का?"

"चला माझ्याबरोबर. सगळे चला. आणि तिचा हात सोडा आधी."

हात सुटला की नाही ते मी बघितलं नाही, चालू लागलो. चार घरं ओलांडून धिंदळ्यांचा गोठा. लोक मागून येत होते. त्यांची गाय अजून आजारी पडली नव्हती, फक्त भुकेने रोडावली होती. मी दारातच थांबलो आणि पाला हातभर लांबून पुढे धरला. गायीने दावं ताणलं, जीभ लांब काढली, एक डहाळी ओढून घेतली आणि कचाकचा चावायला लागली. लगेच दुसरीसाठी मान पुढे केली.

धिंदळ्यांनी झेप घेतली आणि तिच्या तोंडात हात घालून डहाळी बाहेर खेचली. "साहेब, काय करता! मारता का तिला?"

"हे तिला कोणी घातलं नाही," मी म्हणालो. "पाण्यावर जाता-येता ती रोज खाते हे. सगळ्याच खातात. दुसरं हिरवं उरलंय काय त्यांना? त्यांना ते ओळखता येत नाही, ठमाबाईच्या गायीला येतं. एवढंच आहे."

धिंदळ्यांनी हातातली डहाळी गोठ्याबाहेर फेकली. मग चंद्रभागाबाईंनी विचारलं, "मग ठमामावशी तोडत का होती?"

ठमाबाई मागोमाग आली होती. फाटलेलं लुगडं एका हाताने आवळून धरलं होतं. "वाटंवरची तोडली तर तेवढी तरी कमी खातील, म्हणून," ती म्हणाली. "तुपल्या गायीसाठी, चंद्रे. वरून छाटून भागत नाय, मुळातून काढाया लागती. मपल्या एकटीच्यानं किती व्हनार?"

"आगं पण मग बोलली का नाहीस?" धिंदळे जवळजवळ रागानेच म्हणाले.

तिने त्यांना उत्तर दिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. आणि मला आठवलं.

कार्तिकातला तो मांडव. मी भाषण करत होतो. संकरित गायीला खुराक द्या, मोकळं फिरवा, दिवसभर बांधून ठेवू नका. तेव्हा मागून ही बाई उठली आणि म्हणाली होती, "डॉक्टर, ह्या परक्या गायी टणटणी वळखत नाय. वरीसभर बांधून घाला, नायतर मरतील." आणि मी माइकवरून म्हणालो होतो, "आजी, गायींना आता शाळेत घालायचं का, झाडं ओळखायला?" मांडव हसला होता. धिंदळे तर डोळे पुसेपर्यंत हसले होते. ती खाली बसली होती आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो होतो. इतकं साफ विसरलो होतो की वाटेवर तिने आठवण दिली तेव्हाही उलगडा झाला नाही.

आता ती माझ्याकडे बघत होती. मी बोललो असतो तर बोलण्याची वेळ तीच होती. मी म्हणालो, "आजारी गायी सावलीत बांधा. लोहाराकडून कोळसा आणा, कुटून पाण्यातून पाजू, पोटातलं विष शोषून घेतो तो." आणि मी कामाला लागलो. लोक पांगले. एकानेही तिच्याशी चकार शब्द काढला नाही. लहामट्यांनी तेवढी तिची गाय सोडून पाण्यावर नेली.

त्या आठवड्यात आणखी तीन गायी गेल्या, बाकीच्या सावरल्या. पण पुढे काय? बांधून घालायला चारा नाही, सोडलं की टणटणी. लहामटे म्हणाले, "गाय गायीकडून शिकती, साहेब. जुन्या गायीच्या मागं सोडल्या, वळणारं माणूस हुशार असलं, तर चार-सहा महिन्यांत उमजतं त्यांना."

गावात बाकी होत्या त्या म्हशी आणि शेळ्या. गावठी गायी संकरित आल्यावर लोकांनी काढून टाकल्या होत्या. डांगी गाय उरली होती एकच.

धिंदळे ठमाबाईकडे गेले. मी आणि लहामटे कुडाबाहेर उभे होतो. त्यांनी बराच वेळ इकडचं तिकडचं केलं आणि शेवटी मुद्द्यावर आले. ती तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "त्या दिशी समदं गाव व्हतं माझ्या दारात. आज एकलंच आलात?"

"मी चेअरमन म्हणून—"

"समद्यांना घेऊन या. अन् त्या डॉक्टरला सांगा, कुडाआड उभं राहू नको म्हणावं. मांडवात मी काय बोलले व्हते ते त्यानं सांगायचं, समद्यांम्होरं. मग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आले. तेच साठ-सत्तर जण, तेच अंगण. ज्याने मनगट धरलं होतं तोही होता, मागे, खांबाआड. मी ओट्यापाशी उभा राहिलो. हजार माणसांपुढे न अडखळणारा मी, पण पहिलं वाक्य निघायला वेळ लागला. तिने काय सांगितलं होतं ते मी सांगितलं. मी काय उत्तर दिलं होतं तेही सांगितलं, शब्दन् शब्द. माळावर मला एक गोष्ट सांगता आली असती आणि मी पोलिसांचं नाव काढलं, हेही सांगितलं. "ह्या बाईंवर मीच संशय घेतला," मी म्हणालो. "तुम्ही माझं बोलणं ऐकून आलात." ते अर्धंच खरं होतं, पण माझ्या वाट्याचं तेवढं होतं.

चंद्रभागाबाई रडायला लागल्या. त्या पुढे होऊन ठमाबाईच्या पाया पडल्या. ठमाबाईने पाय मागे घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "सांजच्याला पाणी पाजून ठेवा. उद्या उजाडता सोडा माझ्या गायीमागं. अन् घरटी एक माणूस, कुदळ घेऊन, वाटंवर."

एकूण सहा मेल्या, सोळा जगल्या. पावसाळ्यापर्यंत ठमाबाई रोज कळपाबरोबर जात होती. दूध संस्थेने तिचा सत्कार ठेवला होता, ती आली नाही. गावाशी तिचं बोलणं सुरू झालं, माझ्याशी नाही. वाटेत भेटली तर बाजूला होऊन उभी राहायची, मी जाईपर्यंत. मी नमस्कार करायचो. ती पदर सारखा करायची.

मी त्या तालुक्यात आणखी तीन वर्षं होतो. शेवटच्या वर्षी, फाल्गुनातल्या एका दुपारी, कुंभेवाडीहून निरोप आला. ठमाबाईची गाय अडली होती, वासरू आडवं आलं होतं. निरोप लहामट्यांच्या नावाने होता. 'लहामट्यांना धाडा', एवढाच.

"तुम्ही गाडीवर बसा," लहामटे म्हणाले. "मी मागं बसतो."

गेल्यावर मी कुडापाशीच थांबलो. लहामटे आत गेले, बाह्या सारल्या, अर्धा तास खटपट केली. वासराची मान मागे वळलेली होती आणि त्यांचा हात तिथवर पोचत नव्हता. गाय जमिनीवर आडवी, कण्हत होती. ठमाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. लहामट्यांनी हात बाहेर काढला आणि नुसती मान हलवली.

ठमाबाईने वर पाहिलं. आधी लहामट्यांकडे, मग कुडाकडे. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. किती वेळ ते सांगता येणार नाही, मला मात्र तो फार वाटला.

मग ती चुलीच्या दिशेने मान वळवून, शेजारून मदतीला आलेल्या चंद्रभागेला म्हणाली, "चंद्रे, डॉक्टरला हात धुवाया ऊन पाणी दे."